पेडल टणक लागल्यावाचून

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यानंतर चर्चासत्रांचे जे पीक आले त्यात गाथासप्तशती, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्याविषयी पुष्कळ ऐकावयास मिळाले. या आनंदात आमचाही वाटा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र या निमित्ताने आमच्या व्यवसायबंधूंना, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना, एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याने आजवर गाडीचे चाकही खोललेले नाही अशा माणसाला स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक पॅड स्वतःच्या हाताने बदलायचे असतील, तर केवळ वाचून ते काम नीट करता येईल असा चार पानांचा मजकूर आपल्यापैकी कोणी मराठीत लिहू शकेल काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे. मराठीचे प्राध्यापक तो लिहू शकत नाहीत, इंजिनिअर तो मराठीत लिहू इच्छित नाहीत, आणि ज्या मिस्त्रीला हे काम येते त्याला लिहिण्याची विनंती कोणी केलेली नाही. यावर आमच्यापैकीच काहींनी, हा साहित्याचा प्रश्नच नव्हे, असे सांगितले. हा लेख त्यांच्याशी वाद घालण्यासाठी आहे.

सोलापुरात बसून स्पोर्ट्‌स कारची उठाठेव का, असेही विचारले गेले. चादर, गिरण्यांचे भोंगे, कडक भाकरी आणि गड्ड्याची जत्रा यांपलीकडे या गावाची ओळख करून घेण्याची आपल्याला सवय नाही म्हणून हा प्रश्न सुचतो. १९९२ साली सुरू झालेल्या येथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌सच्या कारखान्यांतून निघणारे कॅमशाफ्ट जगातल्या नामांकित मोटार कंपन्यांकडे जातात. म्हणजे दूरदेशीच्या गाडीचे इंजिन श्वास घेते ते काही वेळा सोलापुरी हाताच्या भरवशावर. पुण्या-मुंबईत दोनचार वर्षे मिरवून झालेल्या दोन दारांच्या, जमिनीलगत बसक्या गाड्या आता येथेही येतात. उत्साही तरुण त्या जुन्या भावात घेतात आणि मग त्यांच्या देखभालीचा खर्च ऐकून हबकतात. पॅड स्वतःच बदलावेत हा विचार तिथे जन्मतो. शिवाय साध्या गाडीपेक्षा स्पोर्ट्‌स कारचे उदाहरण घेण्यामागे आमचा स्वार्थ आहे. साधी गाडी चूक पोटात घालते. ही घालत नाही. गद्याची परीक्षा घ्यायची तर परीक्षक कडक असलेला बरा.

ब्रेक म्हणजे काय, हेही एकदा पाहिले पाहिजे. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना थांबवली तर तिच्या गतीची जी उष्णता होते तीत तीस अंशांचे जवळजवळ दोन लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता काही सेकंदांत चार चकत्या आणि त्यांना चिमटीत धरणारे पॅड यांच्यात उतरते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तुळजापुरहून सोलापूरकडे घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच जो गाडी हाकतो त्याला जो एक करपट वास येतो तो याच हिशेबाचा असतो. २००२ साली सचिन तेंडुलकर यांना ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि पुढच्या वर्षी तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून देशभर वाद पेटला. मराठी वृत्तपत्रांनी शुल्कावर, नैतिकतेवर, क्रिकेटवर रकानेच्या रकाने भरले. ती गाडी इतक्या वेगात जाते तर थांबते कशी, हे सांगणारा मजकूर निदान आमच्या वाचनात आला नाही. आपल्या लेखनाचे कुतूहल गाडीच्या किमतीपाशी संपते.

आता शब्दांकडे वळू, कारण मराठीच्या माणसाशी वाद घालायचा तर तो शेवटी शब्दांपाशी येतोच. ब्रेकला 'गतिरोधक' म्हणावे असे सुचवणारे आपल्यात आहेत. तो शब्द लोकांनी स्वीकारला, पण रस्त्यावरच्या उंचवट्यासाठी! 'पुढे गतिरोधक आहे' ही पाटी वाचून माणूस ज्यावर पाय ठेवतो त्याला तो ब्रेकच म्हणतो. शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले, पुढे पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, ही हकीकत आपण वर्गात हशा पिकवण्यासाठी सांगतो. त्या कोशांवर हसण्याचा आपला अधिकार मात्र आम्हांला संशयास्पद वाटतो. त्या मंडळींनी निदान काही केले.

उलट बाजूला एक दुसरी भाबडी समजूत आहे: लोकांच्या तोंडी आहे ते सारे खरे, गॅरेजातली भाषा हीच अस्सल. सोलापूरच्या गॅरेजातली बोली श्रीमंत आहे यात वाद नाही. मिस्त्री घरी तेलुगू बोलतो, शेजारच्या गाळ्यातल्या पंक्चरवाल्याशी दखनी, विजापूरकडच्या ट्रकवाल्याशी कन्नड आणि आमच्याशी 'सर, सर' करीत मराठी. त्याच्या तोंडी पॅड घासून जातात, डिस्कला नाल्या पडतात, पिस्टन जाम होतो, बोल्टचे आटे मरतात, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. यांतले प्रत्येक क्रियापद नेमके आहे. पण हाच मिस्त्री ब्रेकच्या द्रवाला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, आणि हा शब्द जिवावर बेतू शकतो. ते तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो. त्यात चुकून खनिज तेल पडले तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. मिस्त्रीला हे ठाऊक असते. त्याचा शब्द चुकीचा असला तरी हात बरोबर बाटलीकडे जातो. नवशिक्याकडे केवळ शब्द असतो. म्हणून जो मजकूर आम्ही मागतो आहोत त्यात 'पाना', 'आटे', 'कॅलिपर', 'पॅड' हे शब्द गॅरेजातून जसेच्या तसे यावेत आणि 'ब्रेक ऑइल' मात्र बाहेर थांबावे. तिथे 'ब्रेकचा द्रव' असे साधे म्हणावे. कोणता शब्द घ्यावा आणि कोणता टाकावा हा विवेक कोशकाराकडे नाही, मिस्त्रीकडे नाही. तो लेखकाकडे असावयास हवा, आणि लेखक घडवण्याचा दावा आपले विभाग करतात.

शब्दांहून मोठा प्रश्न वाक्यांचा आहे. आपल्या तांत्रिक मराठीत सारे काही 'केले जाते'. पॅड काढले जातात, पिस्टन ढकलला जातो, चाक बसवले जाते. व्याकरणाच्या वर्गात ज्याला आपण इंग्रजी धर्तीचा नवा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतो तोच हा. कोण करतो, कधी करायचे, न केल्यास काय होईल, हे त्यात कोठेच नसते. वाक्य करणाऱ्याला गाळून टाकते आणि करणारा तर गाडीखाली असतो. मराठीपाशी याहून कितीतरी चांगले साधन आहे: विध्यर्थ. 'काढावा' यात आज्ञा आहे, सल्ला आहे आणि वाचणाऱ्याचा मानही आहे. आणि त्याच्या जोडीला 'नये'. एकाच शब्दात निषेध करणारे असे क्रियापद शेजारच्या हिंदीत नाही. तिला 'नहीं चाहिए' असा फेरा घ्यावा लागतो. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे काढावे, बोरू कसे तासावेत, कागद कसे ठेवावेत, असा तो सारा मजकूर हाताने करावयाच्या कामाविषयीचा आहे आणि तो विध्यर्थात आहे. तेव्हा मराठीला ही रीत परकी आहे असे कोणी म्हणू नये.

नुसते म्हणून भागणार नाही, म्हणून तो मजकूर थोडा येथे लिहूनच दाखवतो. गाडी अशी कल्पावी की जिच्या पुढच्या चाकांना चार पिस्टनांचे, जागेवर घट्ट बसवलेले कॅलिपर आहेत. बऱ्याच स्पोर्ट्‌स गाड्यांत तसे असतात.

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅक लावू नये. (सोलापूरच्या मे महिन्यात ही सूचना चैनीची नाही.) मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचलल्यावर चाक फिरू लागते आणि पान्यावर जोर दिला की गाडी जॅकवरून सरकू शकते. ही गाडी बसकी असल्यामुळे नेहमीचा जॅक तिच्याखाली शिरत नाही. तो कोठेतरी शिरतो म्हणून तेथे लावू नये. बुटका जॅक आणून तो कंपनीने दाखवलेल्या जागीच लावावा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली लगेच स्टँड द्यावेत. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

बोनेट उघडून ब्रेकच्या द्रवाची डबी पाहावी. पिस्टन मागे ढकलले की द्रव वर चढतो. डबी काठोकाठ असेल तर आधी त्यातला थोडा काढून घ्यावा. हा द्रव गाडीच्या रंगावर पडल्यास रंग खातो, म्हणून सांडताच भरपूर पाण्याने धुवावा. एका वेळी एकाच चाकाचे काम करावे; दुसऱ्या बाजूची जोडणी शाबूत असली म्हणजे काय कसे होते ते तेथे पाहता येते. पॅड धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगवर बोट दाबून मगच पिन काढावी, नाही तर स्प्रिंग तोंडावर उडते. दोन्ही पॅड एकदम काढू नयेत. एक काढावा, त्या बाजूचे पिस्टन हळूहळू आणि सरळ मागे रेटावेत, नवा पॅड बसवावा, मग दुसऱ्याकडे वळावे. समोरासमोरच्या पिस्टनांचा द्रव एकच असतो. इकडचा दाबला की तिकडचा बाहेर येऊ पाहतो आणि तिकडे पॅड असेल तरच तो अडतो. आतली काळी धूळ फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि नव्यांची धूळही फुप्फुसांत जाण्याजोगी नव्हे. डिस्कच्या कडेला किंवा मध्यभागी किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याहून पातळ झाली असेल तर नुसते पॅड बदलून थांबू नये. पॅडच्या पाठीला ग्रीस लावायचे ते बोटभर. घासणाऱ्या तोंडाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलावेत. एका चाकाची पकड नवी आणि दुसऱ्याची जुनी असली तर गाडी ब्रेक लावताच एका अंगाला जाते.

चाक चढवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि शेवटचा आवळा गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने द्यावा. किती, ते गाडीच्या पुस्तकात असते. शंभर न्यूटन मीटर असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे वीस किलोंचे ओझे टांगण्याइतका जोर. 'कचकून' हे माप नव्हे.

यानंतर, इंजिन चालू करण्याच्याही आधी, ब्रेकचे पेडल दाबावे. पहिल्यांदा ते तळाला जाईल. घाबरू नये, पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यात पोकळी राहिलेली असते आणि ती भरून निघेपर्यंत गाडीला ब्रेक नसतो. पुन्हा पुन्हा दाबावे. पेडल टणक लागल्यावाचून गाडी जागची हलवू नये. वीसपंचवीस वेळा दाबूनही ते मऊच लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे किंवा कोठेतरी गळते आहे. तेव्हा स्वतःचे काम थांबवून मिस्त्रीला बोलवावे. टणक लागल्यास द्रवाची पातळी पाहून डबीचे झाकण घट्ट लावावे. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने आणि पूर्ण न थांबता, आठदहा वेळा वेग उतरवावा, आणि मग शक्य तितका ब्रेक न लावता काही किलोमीटर जाऊन सगळे थंड होऊ द्यावे. पॅड बनवणाऱ्याने वेगळी रीत दिली असल्यास तीच पाळावी.

मजकूर संपला. यात उपमा नाही, अलंकार नाही. तरीही 'पेडल टणक लागल्यावाचून गाडी जागची हलवू नये' हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी आमची विनंती आहे. नवशिक्यांचे सगळ्यांत भयंकर अपघात याच एका पायरीवर होऊ शकतात: काम उत्तम झालेले असते, माणूस हात पुसून आनंदाने गाडी सुरू करतो, मागे घेतो, आणि पाय तळाला जातो. या वाक्यात 'टणक' ऐवजी 'योग्य' लिहिले असते तर? 'घट्ट' लिहिले असते तर? 'पेडल पुरेसे दाबले जाणे आवश्यक आहे' असे लिहिले असते तर? हे प्रश्न शैलीविज्ञानाचे नाहीत तर कशाचे आहेत? एका विशेषणाच्या निवडीवर इतके अवलंबून असलेले वाक्य आपण कवितेच्या तासालाही क्वचितच पाहतो.

मग असे गद्य आपल्याकडे का नाही? अगदीच नाही असे नव्हे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि पिढ्यांनी ते समोर ठेवून स्वयंपाक शिकला. त्यातले वाटीचे माप हा मराठी गद्यातला एक मोठा शोध आहे असे आम्ही गांभीर्याने म्हणतो, कारण ते माप वाचणारीच्या हाताशी होते. पण 'रुचिरा' शक्य झाले ते वाचणारी आणि रांधणारी एकच होती म्हणून. पान्याच्या बाबतीत आपल्या समाजाने अशी वाटणी केली की वाचणाऱ्याने पाना धरायचा नाही आणि पाना धरणाऱ्याने वाचायचे नाही. ही वाटणी कोणत्या जातिव्यवस्थेतून आली ते 'गावगाडा' वाचलेल्यांना सांगण्याची गरज नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ सालीच लोहार-सुतारांच्या कामाचा आणि बलुत्याचा पट मांडून ठेवला आहे. आज मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा दहावी-बारावी झालेला असतो, वाचतो, आणि त्याच्यापुढे वाचायला काय असते? परीक्षेत पास होण्यापुरती मार्गदर्शके किंवा इंग्रजी पुस्तिका. शिकायचे तर तो हिंदी चित्रफिती पाहतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या. हक्काची भाषा सरकार बोलू लागले आहे. दुरुस्तीची भाषा कोण लिहिणार?

आपल्या कामगार-साहित्याने हे केले असते तर आम्ही हा सूर लावला नसता. ते मोठे साहित्य आहे. परंतु त्यात कामगार येतो, काम फारसे येत नाही. त्याची भूक, त्याची चाळ, त्याचा संप, त्याचा संताप येतो. त्याच्या हाताला जे ठाऊक आहे ते अपवादाने येते. ज्या सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली तेथल्या साच्यावर तुटलेला धागा कसा सांधतात हे सांगणारे चार परिच्छेद शोधावे लागतात. अनिल अवचटांनी लाकूड कोरण्याबद्दल, कागदाच्या घड्यांबद्दल लिहिले तेव्हा आपण त्याला 'छंद' या कप्प्यात ठेवले आणि निश्चिंत झालो.

आणि पर्सिग! 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ चे पुस्तक आपल्या विभागांतून आवडीने चर्चिले जाते. त्यातले 'झेन' आपण घेतो, 'गुणवत्ता' घेतो, आणि मोटारसायकल फाटकाबाहेर उभी करून आत येतो. त्या पुस्तकातला मित्र आपल्या महागड्या बीएमडब्ल्यूचा सैल दांडा बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून घट्ट करायला तयार होत नाही. असला पत्रा त्याला अपमान वाटतो. आपण त्या मित्राला हसतो आणि नेमके त्याच्यासारखे वागतो. पर्सिग स्वतः यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्याचे काम करीत असे, आणि अशा पुस्तिका काम न करणाऱ्या प्रेक्षकाच्या अलिप्तपणाने लिहिल्या जातात ही त्याची तक्रार होती. 'केले जाते' या प्रयोगावर ती जशीच्या तशी लागू पडते.

दोन आक्षेप उरतात. त्यांतला एक आम्हांला गंभीर वाटतो. ब्रेक हा जिवाशी खेळ आहे, नवशिक्याला त्यात लोटणारे तुम्ही कोण? हे खरे आहे, आणि म्हणूनच मजकुरात थांबण्याच्या जागा स्पष्ट हव्यात. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल तर मागच्या चाकांना नवशिक्याने हात लावू नये. तेथे पिस्टन मागे घेण्यासाठी गाडीच्या संगणकाला आधी तशी आज्ञा द्यावी लागते. द्रव बदलणे हे पॅड बदलण्याहून वेगळे आणि अवघड काम आहे, आणि ते टाळता येत नाही: डॉट ४ प्रकारचा द्रव ताजा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. नवे पॅड आणि शिळा द्रव घेऊन घाट उतरणाऱ्याला कोणी तरी हे सांगितले पाहिजे. शर्यतीचे पॅड दिसायला भारी असतात म्हणून ते शहरात वापरणाऱ्यालाही. ते तापल्यावर पकडतात, आणि सकाळी सात रस्त्याच्या पहिल्या सिग्नलला ते थंडच असतात. न सांगितल्याने नवशिक्या थांबत नाही. तो अर्धवट ऐकून करतो. धोका मजकुरात नाही, मजकूर नसण्यात आहे.

दुसरा आक्षेप असा की यामुळे मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. हा कळवळा आम्हांला थोडा नवा वाटतो. मजुरीत पन्नास रुपये कमी करून घेणारे आपणच. आमच्यापैकी दोघांनी होटगी रस्त्याकडच्या एका शेडमध्ये मिस्त्रीच्या देखरेखीखाली अशा एका गाडीचे पुढचे पॅड बदलले. तो ज्या कामाला तासाभराच्या आत आटोपतो त्याला आम्हांला अख्खी दुपार लागली. वर लिहिलेल्या मजकुरातली 'दोन्ही पॅड एकदम काढू नयेत' ही ओळ त्याची आहे. त्याने ती सांगितली नाही; आमचा हात दुसऱ्या पॅडकडे गेला तेव्हा त्याने मनगट धरले. ते मनगट धरणे वाक्यात कसे आणायचे, यावर आम्ही नंतर बराच वेळ बसलो होतो. मजुरीबद्दल घासाघीस त्या दिवसापासून बंद आहे.

तेव्हा मागणी करतो ती अशी. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत उपयोजित मराठीची पत्रिका असते. तीत जाहिरात असते, बातमी असते, सभेचे इतिवृत्त असते, सूत्रसंचालन तर असतेच. आमच्या पाहण्यातल्या अभ्यासक्रमांत हाताच्या कामाचे लेखन नाही. ते असावे, आणि त्याची परीक्षा उत्तरपत्रिका तपासून होऊ नये. विद्यार्थ्याने एक काम निवडावे: ब्रेक पॅड, नाही तर सायकलची चेन, मागाचा धोटा, पाण्याच्या मोटारीचे सील. ते ज्याला येते त्याच्यापाशी आठवडाभर बसावे आणि मग चार पाने लिहावीत. ती पाने अशा वर्गमित्राच्या हाती द्यावीत की ज्याने ते काम कधी पाहिलेले नाही. त्याने मोठ्याने वाचत वाचत काम करावे. लिहिणाऱ्याने भिंतीला टेकून उभे राहावे, तोंड उघडू नये. मिस्त्री शेजारी असावा, आणि ज्या ज्या वाक्याला त्याला पुढे होऊन वाचणाऱ्याचे मनगट धरावे लागेल त्या त्या वाक्याचे गुण त्याने कापावेत. परीक्षक म्हणून त्याला विद्यापीठाच्या दराने मानधन द्यावे.